आई 'येते' म्हणाली होती

…आणि वर मलाच विचारतात, एवढं दचकण्यासारखं होतं काय त्यात? तीन वाक्यं तर होती. तीनच. मी म्हणून दाखवते, तुम्ही खुर्चीला नीट टेकून बसा. 'मी जात आहे. किल्ली शेजारी दिली आहे. माझी वाट पाहू नकोस.' बास. वर काही नाही, खाली काही नाही. आणि हा निरोप कुणाचा, तर माझ्या आईचा, भर दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, मी ऑफिसात एका बंद पडलेल्या लिफ्टबद्दल दिलगिरी व्यक्त करत असताना. आता दचकू नको तर काय करू, तुम्हीच सांगा.

बरं, मी दचकते हे मला मान्य आहे. दाराची बेल वाजली की मी दचकते, बेल मीच वाजवलेली असली तरी. शाळेत हजेरीला माझं नाव आलं की मी दचकून 'हजर' म्हणण्याऐवजी 'नाही' म्हणायची आणि बाई मान वर न करता गैरहजेरी मांडायच्या. पण लोक मला घाबरट म्हणतात ना, ते चूक आहे. घाबरट माणूस आधी घाबरतो. मी आधी नुसती दचकते, घाबरते नंतर, सावकाश, सगळा विचार करून.

तर तुम्हाला आधी माझ्या आईचं बोलणं सांगायला हवं, नाहीतर ही तीन वाक्यं तुम्हाला साधीच वाटतील. आई कपडे शिवते, म्हणजे शिवण्यापेक्षा लोकांचे कपडे आत-बाहेर करून देते. कुणाचा कोट पोटावर सैल करायचा असतो, कुणाची पँट आखूड करायची असते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन, आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत तिच्या ओठांत टाचण्या. त्यामुळे 'प', 'ब', 'म' ही अक्षरं आमच्या घरात फक्त जेवताना ऐकू येतात. एरवी 'माप' म्हणजे 'हाह', 'बटण' म्हणजे 'हटण'. गिऱ्हाइकं गोंधळतात. मला कळतं, माझी पहिली भाषाच ती आहे.

आणि दुसरं म्हणजे तिला सरळ काही सांगता येत नाही. पांढरा दोरा संपलाय हे सांगायचं असेल तर ती वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या गुडघ्यापासून सुरुवात करते. गुडघ्यावरून त्यांची सून, सुनेवरून तिचा झगा, झग्यावरून अस्तर, अस्तरावरून दोरा. हे सगळं फोनवर बोलून पाठवते. सात मिनिटं. साधारण सातच, तिचं आतलं घड्याळ तसं लावलेलं आहे. दिवसातून चार वेळा. आणि मी ऑफिसात. आता दचकू नको… नाही, हे इथे नाही. थांबा, माझी गाडी पुढे गेली.

ऑफिस. मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, तक्रार विभागात. पूर्वी लोक आम्हाला लिहायचे, 'अहो, तुम्ही माणसं आहात की कोण? सासरे चौथ्या मजल्यावर बसून आहेत, खाली आणायचं कसं, दोरीनं सोडू?' आणि मी लिहायची, 'उद्या सकाळी माणूस पाठवते, तोवर दोरी वापरू नका.' झालं. त्यांना कळायचं, मला कळायचं, सासऱ्यांनाही कळायचं. मग कंपनीनं कॉम्प्युटरमध्ये ते यंत्र बसवलं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला 'सुबक' म्हणतो, कारण त्याला दोन बटणं आहेत, एक 'सुबक करा' आणि दुसरं 'थोडक्यात करा'. आपण लिहायचं 'उद्या बघतो', पहिलं बटण दाबायचं, की त्याचं होतं, 'आपली गैरसोय झाली याबद्दल आम्हाला मनापासून खेद वाटतो. आपला प्रश्न आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे.' आणि गंमत म्हणजे तिकडे गिऱ्हाइकांकडेही तसलंच काहीतरी आलंय. त्यामुळे आता येतं, 'आपल्या सेवेतील एका त्रुटीकडे नम्रपणे लक्ष वेधू इच्छितो.' आता ही त्रुटी म्हणजे बटणाचा दिवा गेलाय की सासरे अडकलेत? काही कळायला मार्ग नाही. दोन्हीकडून इतका नम्रपणा की मध्ये लिफ्ट आहे हेच कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि ते नुसतं लिहिण्यात राहिलं असतं तरी चाललं असतं. आमच्या मॅडम आता तोंडानेही तशाच बोलतात. मागे एकदा मी म्हटलं, मॅडम, पंखा डोक्यावर पडेलसा वाटतो. तर म्हणाल्या, 'तू हे मोकळेपणानं सांगितलंस, मला आवडलं.' आणि गेल्या. मी पंख्याकडे बघत बसले.

एकटे आमचे मिस्त्री तेवढे अजून माणसासारखे बोलतात. तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरतायत. लिफ्ट तपासून आले की चिठ्ठीवर आपल्या अक्षरात एक ओळ लिहितात, ती मी यंत्रात घालायची. मध्ये एकदा त्यांनी एका इमारतीबद्दल लिहिलं, 'तशी चालतेय.' मी घातलं. सुबकनं केलं, 'लिफ्ट सुस्थितीत चालू आहे.' दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टमध्ये एक दातांचे डॉक्टर आणि त्यांचा पेशंट दोन मजल्यांच्या मध्ये चाळीस मिनिटं उभे. पेशंटची दाढ दुखत होती आणि डॉक्टरांची हत्यारं वर. मॅडमनी मिस्त्रींना बोलावलं. ते तिथून निघाले ते थेट माझ्या टेबलाशी.

'ताई, मी काय लिहिलं होतं?'

'चालतेय म्हणून.'

'तशी चालतेय. "तशी" कुठं गेलं?'

मी म्हटलं, काका, ते भरतीचा शब्द समजून काढून टाकतं.

मिस्त्रींनी स्टूल ओढलं आणि बसले. 'ताई, चालत असती तर मी "चालतेय" म्हणालो असतो ना? "तशी चालतेय" म्हणजे चालत नाहीये. ती सगळी लिफ्ट त्या "तशी"मध्येच होती. तेच काढलंत, मग राहिलं काय?'

मी हसले. तेव्हा हसले. त्या वेळी मला ते लिफ्टबद्दलच वाटत होतं.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आईच्या फोनमध्ये ते सुबक मीच घालून दिलं. झालं काय, की मीटिंग चालू होती, मॅडम समोर होत्या, आणि माझं बोट भलतीकडे लागून आईचा निरोप मोठ्यानं सुरू झाला. टाचण्यांसकट. 'हेले, काखेत उसवलेलाच घालून गेलीस ना? हात वर करू नकोस हं आज.' सगळ्यांना कळलं. नेमकं तेवढंच वाक्य टाचण्यांमधूनही सगळ्यांना स्वच्छ कळलं. आणि मी दचकून काय केलं? हात वर केला.

त्या संध्याकाळी मी घरी आले आणि म्हणाले, 'आई, थोडक्यात बोलत जा ना गं. मला एवढं ऐकायला वेळ नसतो.'

ती कोटाची बाही टाचत होती. 'थोडक्यात म्हणजे किती?'

'दोन-तीन वाक्यं.'

तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, एकेक करून डबीत ठेवल्या, आणि म्हणाली, 'बरं.' स्वच्छ. 'ब'सकट. मी तिथेच दचकायला हवं होतं. बेलला दचकणारी मी, तिथे नाही दचकले. मी तिचा फोन घेतला आणि लावून दिलं, की तू बोल, ते तुझं बोलणं लिहून, नीट करून, थोडक्यात मला पाठवील. आणि तीन आठवडे, तुम्हाला सांगते, माझं आयुष्य इतकं सुबक होतं. 'सर्व ठीक आहे. जेवण तयार आहे.' 'आज काम कमी आहे. सर्व ठीक आहे.' 'संध्याकाळी लवकर ये. सर्व ठीक आहे.' मी टेबलाखाली चार सेकंदांत वाचून मोकळी. घरी गेल्यावर ती काही सांगायला लागली, 'अगं, आज काय झालं…' की मी चपला काढता काढता म्हणायची, 'वाचलं आई.' ती म्हणायची, 'वाचलंस? मग झालं.' आणि पानं घ्यायला उठायची. मला वाटायचं, शहाणी झाली हो आई. आणि सुबकचंही कौतुक वाटायचं, की बघा, टाचण्यांमधून बोललेलं एवढं बरोबर कळतं त्याला.

तर त्या दुपारी ते आलं. 'मी जात आहे. किल्ली शेजारी दिली आहे. माझी वाट पाहू नकोस.'

कुठे जात आहे? आमचं कुणी कुठे नाही. मी फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मग ती 'थोडक्यात'ची संध्याकाळ आठवली, ते 'बरं' आठवलं, आणि तीन आठवड्यांत ती मला एकदाही 'मेले' म्हणाली नाही हे आठवलं, आणि मी सावकाश, सगळा विचार करून, घाबरले. मॅडमकडे गेले. म्हटलं, मॅडम, मला आत्ता घरी जायला हवं, आई निघून गेलीय.

'तुझी मनःस्थिती मी समजू शकते.'

'हो, मग जाऊ?'

'अशा वेळी स्वतःला वेळ देणं फार महत्त्वाचं असतं.'

'म्हणजे जाऊ ना?'

'तुला आणखी काही मदत हवी आहे का?'

आता दचकू नको तर काय करू? समोर माणूस बसलाय, चष्मा लावलाय, चहा पितोय, आणि आतून बटण बोलतंय. मी पर्स उचलली आणि जिन्यानं पळाले. आमच्या कंपनीतलं कुणी लिफ्टनं जात नाही. जिन्यात मिस्त्री भेटले, पायऱ्यांवर बसून डबा खात होते. 'काय झालं ताई?' मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तोंडातला घास गिळला, वाचलं. पुन्हा वाचलं.

'तुमच्या आई घरातून निघताना "जाते" म्हणतात?'

'म्हणजे?'

'माझी आई कधी म्हणाली नाही. बायको भांडून माहेरी गेली तेव्हासुद्धा दारात "येते" म्हणाली, आणि दार आपटलं. घरातून निघणारं माणूस "जाते" म्हणत नाही, ताई. हे त्यांचं नाही. हे तुमच्या त्या सुबकचं आहे.'

आणि मला एकदम दिसलं. आई बोलली असणार 'येते'. दारात उभी राहून, पिशवी खांद्याला लावून, जन्मभर म्हणत आलीय तसं. आणि सुबकनं बघितलं, की बाई तर घराबाहेर पडतायत, मग 'येते' कसं? चूक. दुरुस्त करा. म्हणजे काय झालं बघा, परत येण्याचा जो शब्द आपण जाण्यावर घालून ठेवलाय, तेवढाच त्यानं उसवून काढला. माझा जीव थोडा भांड्यात पडला. थोडाच. कारण मिस्त्री डबा बंद करता करता म्हणाले, 'आणि बाकीच्यातूनही काय काय काढलंय, ते बघा.'

घरी गेले. शेजारच्या काकूंनी दार उघडलं, पायात मांजर. काकू म्हणाल्या, 'अगं, किल्ली घे. येईल ती. डॉक्टरकडे गेलीय, आज ती हाताची तपासणी ना.'

'कसली तपासणी?'

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी मांजराकडे बघायला लागले. 'तुला ठाऊक नाही? तीन आठवडे हाताचं चाललंय. ती तर म्हणाली, लेकीला रोज सांगते, वाचते ती.'

मी घर उघडलं. मशीनवर कपडा झाकलेला. दुपारी तीनला आईच्या मशीनवर झाकण मी कधी बघितलं नव्हतं. बाजूला तीच बाही, तीन आठवड्यांपूर्वीची, अर्धी टाचलेली, आणि अस्तरावर चार ठिकाणी तांबूस ठिपके, वाळलेले. टाचण्यांची डबी बंद. मी जमिनीवरच बसले आणि फोन काढला. त्या सुबक निरोपांच्या खाली एक बारीकसा बाण असतो, तो दाबला की मूळ बोलणं ऐकू येतं. मला ठाऊक होतं. मीच तर लावून दिलं होतं. एकदाही दाबला नव्हता.

आधी त्या दुपारचं लावलं. सहा मिनिटं पन्नास सेकंद.

'ऐकलंस का गं, येते मी जरा. किल्ली काकूंकडे देते, त्यांच्याकडे मांजर आलंय नवीन, तर पायात बघ, तुला दचकायची सवय. आणि हे बघ, मला उशीर झाला तर माझी वाट बघत उपाशी बसू नकोस, तुझं डोकं चढतं मग. आज ते हाताला तारा लावून बघणार आहेत, बारीक सुई घालतात म्हणे. मी म्हटलं, अहो, मला माझीच सुई टोचलेली कळत नाही, तुमची काय कळणार? तशी भीती नाही वाटत. फोन बंद ठेवायला सांगतात तिथे. तू असतीस तर बरं झालं असतं, पण असू दे, तुला वेळ नसतो. बरं, येते हं.'

आणि मी काय ऐकत होते सांगू? 'प'ला 'प' होता, 'ब'ला 'ब' होता. तोंडात टाचण्या नव्हत्या. मग मागचं लावलं, त्याच्या मागचं लावलं, एकातही नव्हत्या. सुबकला आईचं बोलणं एवढं छान का कळत होतं, ते तेव्हा मला कळलं. तीन आठवडे तिच्या बोटांना टाचणी धरताच येत नव्हती. 'आज काम कमी आहे' याचं मूळ होतं, 'आजपण दोन कोट परत पाठवले गं, सांगितलं की गर्दी आहे, आता काय सांगणार, अंगठा माझा असून माझा वाटत नाही.' आणि ते 'सर्व ठीक आहे', ते रोजचं 'सर्व ठीक आहे', त्याचं मूळ रोज एकच होतं. 'तसं सगळं ठीक आहे, पण…' आणि त्या 'पण'च्या पुढे सहा-सहा मिनिटं.

मिस्त्रींचं स्टूल आठवलं मला. सगळी लिफ्ट त्या 'तशी'मध्ये.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. आई बाकावर बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून, कुणी दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. मला बघून म्हणाली, 'तू कशी इथं? ऑफिस?'

मी म्हटलं, 'तू जाते म्हणालीस.'

'मी कशाला जाते म्हणू? येते म्हणाले.'

'मला समोर बसवून का नाही सांगितलंस आई?'

मी पर्समध्ये रुमाल शोधत होते, आणि सगळं सापडत होतं, रुमाल सोडून. तेव्हा ती, माझी आई, जी जन्मात असलं बोलली नाही, अगदी सावकाश म्हणाली, 'तुझी गैरसोय झाल्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.' आणि शेजारी बसलेल्या बाईंना म्हणाली, 'माझी लेक. लिफ्टमध्ये असते.' आता यावर हसायचं की रडायचं? मी दोन्ही केलं. त्या बाई सरकून बसल्या.

डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दाबली गेलीय, उशीर झालाय, छोटंसं ऑपरेशन. 'तसं काळजीचं कारण नाही.' मी इतकी दचकले की त्यांचं पेन खाली पडलं. 'तसं म्हणजे कसं, डॉक्टर?' ते चष्म्यावरून बघायला लागले. आई म्हणाली, 'विचारलंय तर सांगा ना.' मग त्यांनी पेन उचललं आणि खरं सांगितलं. बोटं येतील. अंगठ्याचं सांगता येत नाही. पूर्वीसारखी सुई हातात येईल का, तेही सांगता येत नाही. तीन आठवडे आधी आला असतात तर… आणि ते थांबले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण मला ते पुरं ऐकू आलं, आणि अजून येतं.

ऑपरेशनच्या दिवशी आईला ढकलगाडीवर आत नेताना ती मान वळवून म्हणाली, 'येते गं.' नर्स नवीन असावी, हसून म्हणाली, 'येता कुठे आजी, आता आत जायचंय.' मी म्हटलं, 'सिस्टर, कृपा करून त्यांना दुरुस्त करू नका.' इतक्या मोठ्यानं म्हटलं की या खेपेला दचकली ती नर्स.

आता बोटं आलीयेत. अंगठा नाही आला. आई डाव्या हातानं काज करायला शिकतेय, वाकडे होतात, उसवते, पुन्हा करते. टाचण्या मी लावून देते संध्याकाळी, ती नुसती ओठांत धरून बसते, सवय म्हणून. सुबक मी तिच्या फोनमधून काढून टाकलं. ऑफिसातलं निघत नाही, तिथे मी अजून मनापासून दिलगीर असते, दिवसाला साठ वेळा. मात्र मिस्त्रींच्या चिठ्ठ्या मी आता हातानं टाइप करते, आणि 'तशी' जाऊ देत नाही. मॅडम म्हणाल्या, 'तुझी ही बारकाई आम्हाला मोलाची वाटते.' म्हणजे रागावल्या की काय, देव जाणे.

आणि आईचे निरोप पुन्हा सुरू झालेत. दिवसातून चार वेळा, सात-सात मिनिटं, टाचण्यांसकट. सगळे ऐकते हो मी. जिन्यात जाऊन ऐकते, मिस्त्री सरकून जागा देतात. आत्ता तुमच्यासमोर यायच्या आधीसुद्धा एक ऐकून आले. सात मिनिटं एकोणीस सेकंद. वरच्या बाईंचा दुसरा गुडघा, सुनेचा झगा, काकूंच्या मांजराला झालेली पिल्लं, त्यातलं एक माझ्यासारखं दचकतं म्हणे. आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटी काय म्हणाली, ठाऊक आहे? 'हाकी, तसं विशेष काही नाही.'

'तसं' म्हणाली. ऐकलंत ना?

बरं मग… येते हं मी.